ज्युलियनच्या स्तोत्रकोशामागची पत्रं कुठे मिळतील?

पेटीवाल्याची_नात:
माझे आजोबा चर्चमध्ये पेटी वाजवायचे, 'लीड, काइंडली लाइट' हे इंग्रजी स्तोत्र त्यांचं फार आवडतं. त्याचा इतिहास शोधता शोधता जॉन ज्युलियनच्या 'डिक्शनरी ऑफ हिम्नॉलॉजी'पाशी येऊन पोचले. १८९२ साली लंडनच्या जॉन मरे प्रकाशनाने छापलेला ख्रिस्ती स्तोत्रांचा कोश, दीड हजाराच्या वर पानं, आणि संपादक कोण तर शेफील्डजवळच्या विंकोबँकचे पाद्री! रविवारची उपासना, लग्नं, मयती सगळं सांभाळून या माणसाने एवढं जमवलं कसं? पत्रांवरच ना? ती वाचायला मिळतात का कुठे?

जुने_कागद:
मुख्य आधार पत्रांचाच. एकट्याचं काम नव्हतं म्हणा, बरेच लेखक होते, जर्मन स्तोत्रांचा मोठा भार जेम्स मर्न्स यांनी उचलला. पण पोस्ट स्वस्त झालं होतं हे विसरू नका, १८४० पासून एका पेनीत देशभर पत्र जायचं आणि १८७० पासून अर्ध्या पेनीत कार्ड. प्रस्तावनेत ज्युलियन २०० हून जास्त भाषांमधली मिळून किमान ४ लाख स्तोत्रं धरतात! मरे प्रकाशनाचं दफ्तर आता एडिनबरोला नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडमध्ये आहे, आधी तिथल्या कॅटलॉगमध्ये ज्युलियन नाव टाकून बघा.

गाथा_वाचक:
तुमच्या आजोबांच्या गाण्याचंच सांगतो. जॉन हेन्री न्यूमन या इंग्रज धर्मगुरूंनी ते १८३३ मध्ये समुद्रप्रवासात लिहिलं, कडवी तीनच. पुढे बिकरस्टेथ नावाच्या पाद्र्याने आपल्या स्तोत्रसंग्रहात चौथं कडवं स्वतःचं जोडलं. न्यूमननी पत्र लिहून हरकत घेतली, कडवं चांगलं आहे पण जे माझं नाही ते माझ्या नावावर नको असं. आपल्याकडे कुणाच्याही अभंगाला 'तुका म्हणे' चिकटवतात आणि मग खरा कुठला ते शोधत बसावं लागतं, तसंच हे, फक्त इथे कवी हयात होता म्हणून स्वतः सांगू शकला. मूळ पाठ कुठला, कोणी काय बदललं, हे ज्युलियननी स्तोत्रामागून स्तोत्र नोंदवलंय, मला तर हा माणूस त्यासाठीच थोर वाटतो.

पेटीवाल्याची_नात:
अहो, आजोबांच्या वहीत चार कडवी आहेत!! चौथं वेगळ्या शाईत. आज रात्रीच ताडून बघते.