मुलींच्या गटात सेवेचे तास मोजावेत का?

शमी
सात ते दहा वर्षांच्या मुलींना समाजसेवेची गोडी लावायची असेल तर सेवेचे तास लिहायची वही आणि त्यावर मिळणारे बिल्ले आधी बंद करा, असं माझं स्पष्ट मत आहे. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला. बक्षीस मिळणार हे ज्यांना आधी सांगितलं होतं, त्यांचा चित्रांतला रस नंतर घटला. अचानक बक्षीस मिळालेल्यांचा नाही. २००८ मध्ये वॉर्नेकन आणि टोमासेलो या संशोधकांना २० महिन्यांच्या बाळांतही तसंच दिसलं: मदतीबद्दल वस्तू मिळालेली बाळं नंतर कमी मदत करू लागली. वही आली की "याचे किती धरणार?" सुरू होतं आणि पावणेदोन तासांचे दोन होतात.

त्यापेक्षा ४० मिनिटं काम, मग १० मिनिटं गोल बसून प्रश्न: त्यांना काय हवं होतं? आपण केलेलं उपयोगी पडलं का? पुढच्या वेळी काय बदलू? "कसं वाटलं?" मात्र विचारू नका. सगळ्या "छान" म्हणतात आणि विषय संपतो.

रहाटगाडगं
असहमत. त्या प्रयोगात मुळात चित्रांची आवड असलेलीच मुलं निवडली होती. जिला वृद्धाश्रमात पाऊल टाकायचीच धास्ती, तिचा कुठला रस घटणार? बिल्ल्यासाठी का होईना, ती दारातून आत तरी येते.

चुकतं ते काय मोजतो त्यात. अमेरिकेतल्या गर्ल स्काउट्स या मुलींच्या संघटनेत गोल्ड पदकासाठी ८० तास सुचवलेले आहेत, पण नुसते तास भरून ते मिळत नाही. प्रश्नाच्या मुळाशी जावं लागतं आणि आपण बाजूला झाल्यावरही काम चालू राहील अशी सोय करावी लागते. लहान मुलींनाही हे जमतं. लावलेली रोपं मोजू नका, वर्षानं जगलेली मोजा. लागवड एका सकाळी उरकते. पाणी घालायच्या पाळ्यांचा तक्ता कुणी केलेलाच नसतो, तिथे रोपं जातात.

अनुस्वार
बिल्ल्यांवरून भांडताय, पण मुलींच्या हाती काम कोणतं देता? वाढणं, पुसणं, आवरणं, भेटकार्डं रंगवणं. हे घरीही बहुतेकदा त्यांच्याच वाट्याला येतं. वर त्याला 'सेवाभाव' म्हणायचं! १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये बालवीरांचा मेळावा होता, तिथे मुली न बोलावता हजर झाल्या. १९१० मध्ये गर्ल गाइड्स ही मुलींची वेगळी संघटना उभी राहिली. सुरुवात आज्ञाधारकपणातून झालेली नाही.

हिशेब, संस्थेशी बोलणं, सामानाची यादी ही कामं मुलींना द्या. फोन मुलीनं करायचा, ताईनं शेजारी बसायचं. पहिला प्रश्न "तुम्हाला काय लागतं?" हाच. तो न विचारता कपडे गोळा केले की फाटके आणि न धुतलेले गठ्ठे निवडत बसायचं काम संस्थेच्या गळ्यात पडतं. आणि कामं दर वेळी फिरवा, नाहीतर सुंदर अक्षरवाली कायमची कारकून होते.

शमी
फोनचं पटलं. पण सात वर्षांच्या मुलींना "काय करूया?" असं मोकळं विचारलंत तर उत्तर कुत्र्याची पिल्लं! आधी स्वतः चौकशी करून तीन पर्याय ठेवा, त्यांतून त्या निवडतील.

अनुस्वार
तीन ठेवा, पण "यातलं एकही नको" हा चौथाही हवा. नाहीतर ती निवड नुसती नावाची.

रहाटगाडगं
वृद्धाश्रमाचं ठरलंच तर २४ मुलींची रांग नेऊ नका. नाचगाणं होतं, टाळ्या होतात, ओळख कुणाशीच होत नाही. सहा मुली, सोबत दोन मोठी माणसं, अर्धा तास. आणि त्याच सहाजणी किमान चार वेळा. पहिल्या भेटीत मुली गप्पच असतात, म्हणून हातात काहीतरी द्या: पत्ते, सोंगट्या, मोठ्या टायपातलं वाचायचं पान. "तुमची मुलं कुठे असतात?" हा प्रश्न विचारायचा नाही, हे निघण्यापूर्वीच सांगा. फोटो अजिबात नकोत.

आणि चौथ्या भेटीनंतर बिल्ला द्या. आधी न सांगता दिलात तर शमींच्या १९७३ च्या प्रयोगालाही चालेल.

शमी
एकदाच चालेल. पुढच्या तुकडीला तो आधीच माहीत असतो.