दहावीच्या वर्गातली साधी मोटर: नुसती थरथरते, फिरत नाही

विज्ञान_विक्रोळी
राज्य मंडळाच्या ‘विद्युतधारेचे परिणाम’ या धड्यासाठी वर्गात मोटर करून घ्यायची आहे. ४८ मुलं, १२ गट, ३५ मिनिटांचा तास. साहित्य: २६ गेजची वाइंडिंग वायर (वीज अडवणारा इनॅमलचा थर असलेली तांब्याची तार), दोन सेफ्टी पिना, पेन्सिल सेल आणि जुन्या स्पीकरचं चुंबक. सेलच्या दोन टोकांना पिना, पिनांच्या भोकांत तारेच्या गुंडाळीची टोकं, खाली चुंबक. दोन-तीन गटांची फिरते, बाकीच्यांची थरथरते नाहीतर ढिम्म. सेल मात्र तापतो. चुकतंय कुठे? टोकं लायटरने जाळून साफ केली तर चालतील का?

तांब्याची_तार
मॅडम, थरथरते म्हणजे वीज पोचतेय, पण नको त्या वेळी. दोष बहुतेक टोकं खरवडण्यात आहे.

टॉर्चच्या मोठ्या सेलवर १० वेढे घ्या. दोन्ही बाजूंना ५-५ सेंमी टोकं धरून गटाला साधारण ११५ सेंमी तार लागते. ५० ग्रॅम तारेत सुमारे ३४ मीटर मिळते, म्हणजे १२ गटांचं भागून चुकलेल्यांसाठीही उरते. टोकं समोरासमोर एका रेषेत काढा आणि प्रत्येक टोकाचा एकेक वेढा गुंडाळीवर आवळा, नाहीतर गुंडाळी सुटते.

आता खरवडणं. एक टोक पॉलिश पेपरने चारही बाजूंनी, तांबं लख्ख दिसेपर्यंत. दुसरं टोक फक्त अर्धं. ते करताना गुंडाळी टेबलाच्या कडेशी उभी धरा आणि तारेची फक्त वरची बाजू घासा. मुलं ती टेबलावर आडवी ठेवून घासतात, तिथेच घोळ होतो. चुंबक खाली असलं की गुंडाळी उभी असताना बल तिला सर्वांत जोरात फिरवतं, तेव्हा वीज चालू हवी. पुढच्या अर्ध्या फेरीत तेच बल तिला मागे ओढतं, म्हणून तेव्हा इनॅमलने वीज तोडायची आणि वेगाच्या जोरावर गुंडाळी पुढे जाऊ द्यायची. आडवी ठेवून घासली की वीज नेमकी अशा अर्ध्या फेरीत मिळते, जिथे बल तिला दोन्हीकडून मधल्या जागी परत खेचतं. मग ती थरथरते आणि थांबते. धड्यातल्या मोटरमध्ये अर्ध्या फेरीनंतर प्रवाहाची दिशा उलटते, इथे तो नुसता बंद होतो. हा फरक मुलांना सांगाच.

लायटर नको. इनॅमल सगळ्या बाजूंनी जळतं, वर तांब्यावर काळा थर बसतो आणि तोही वीज अडवतो. पूर्ण खरवडलं गेलंच तर अर्ध्या बाजूला नेलपॉलिश लावून नीट वाळू द्या.

मल्टिमीटर_दादर
फिरवायच्या आधी तपासणी सोपी आहे. सेल काढा, मल्टिमीटर बझरवर (वीज जाण्याची वाट जुळली की वाजतो) ठेवा, दोन्ही पिनांना तारा लावा आणि गुंडाळी बोटाने हळू फिरवा. अर्धी फेरी आवाज, अर्धी फेरी शांतता, असं हवं. सतत वाजलं तर इनॅमल जास्त निघालंय. मध्येच तुटक वाजलं तर टोक खरबरीत आहे किंवा पीन गंजली आहे. आपल्याकडे पावसाळ्यात पिना लवकर गंजतात, आतून घासून घ्या.

सेल तापणारच. एवढ्या तारेचा रोध जेमतेम ०.१२ ओहम, म्हणजे थांबलेली गुंडाळी जवळजवळ शॉर्ट सर्किटच. फिरत नसेल तर सेल लगेच सुटा करा. साध्या झिंक-कार्बन सेलचा दाब भाराखाली पटकन उतरतो, अल्कलाइन घ्या.

विज्ञान_विक्रोळी
धन्यवाद! आडवी ठेवूनच घासून घेत होतो. चुंबक बदलू का? आणि फिरायला लागल्यावर मोजमाप काय घ्यायचं?

तांब्याची_तार
स्पीकरचं फेराइट चालेल, फक्त गुंडाळी आणि चुंबक यांच्यात ३ ते ५ मिमी अंतर ठेवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला निओडिमियमच्या (जास्त ताकदीच्या चुंबकाच्या) चकत्या मिळतात. जोर जास्त, पण पिनाही ओढल्या जातात, म्हणून पिना चिकटपट्टीने घट्ट बसवा. चकत्या मोजून द्या आणि मोजून परत घ्या. दोन गिळल्या गेल्या तर आतड्याला इजा होते.

मल्टिमीटर_दादर
मोजमापासाठी गुंडाळीच्या एका बाजूला पांढरा ठिपका द्या आणि फोनवर २४० फ्रेमचं स्लो मोशन घ्या. एका फेरीला २४ फ्रेम लागल्या तर सेकंदाला १० फेऱ्या. मग चुंबकाखाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवत अंतर बदला आणि प्रत्येक वेळी मोजा. अंतर आडव्या अक्षावर, फेऱ्या उभ्या अक्षावर. सेल दमला की आकडे घसरतात, म्हणून शेवटी पहिल्या अंतराचं माप पुन्हा घ्यायला सांगा.