मासेमारीच्या जाहीर मीटिंगला गेले होते. तिथे बोलून खरंच काही फरक पडतो का?

हर्णैची_पोर

नमस्कार मंडळी, थोडा वेगळाच विषय आहे पण इथे कोकणातले आणि अमेरिकेतले दोन्हीकडचे लोक आहेत म्हणून विचारतेय.

मी मूळची हर्णैची, बाबांची बोट आहे. सध्या मॅसॅच्युसेट्समध्ये न्यू बेडफर्डला शिकते. आमचे घरमालक पोर्तुगीज घराण्यातले म्हातारबुवा, चाळीस वर्षं स्कॅलपच्या बोटीवर काढलीत (स्कॅलप म्हणजे पंख्याच्या आकाराचा मोठा शिंपला, बोटीवरच फोडतात, आतला पांढरा गोळा तेवढा ठेवतात, बाकी परत समुद्रात). ते एक दिवस म्हणाले न्यूपोर्टला कौन्सिलची (म्हणजे इथल्या मासेमारीचे नियम ठरवणाऱ्या मंडळाची) मीटिंग आहे, गाडीत जागा आहे, येतेस का. मला वाटलं मच्छीमार सोसायटीच्या वार्षिक सभेसारखं असेल, अर्धा तास भाषण, मग आरडाओरडा, मग चहा.

पण वेगळंच निघालं. हॉटेलचा हॉल, तीन बाजूंनी टेबलं, आणि टेबलावर बसलेल्यांत सरकारी माणसं कमी, स्वतः बोटवाले आणि मासळीच्या धंद्यातलेच जास्त. कुणी ठराव मांडला की तो तिथल्या तिथे मोठ्या पडद्यावर टाइप होतो, सगळा हॉल वाचत असतो. एका ठरावात एकच शब्द बदलायचा होता, 'शॅल' काढून 'मे', म्हणजे 'करावे' च्या जागी 'करता येईल', त्यावर अर्धा तास गेला! आधी मला हसू आलं, मग शेजारच्या माणसाचा चेहरा बघितला आणि गप्प बसले.

मग लोकांची पाळी. माइकपाशी रांग, प्रत्येकाला तीन मिनिटं, समोर हिरवा-पिवळा-लाल दिवा. एक सत्तरीचा माणूस आला, हातात चार घड्या घातलेला कागद, आणि बोलायच्या आधी नाव, गाव, बोट किती फुटी, कुठला परवाना आणि या निर्णयाने त्याचा फायदा की तोटा हे सगळं सांगितलं. मग वाचायला लागला, लाल दिवा लागला तेव्हा कागदाची एक घडी उलगडायची राहिलीच होती. थँक्यू म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला.

तर प्रश्न असे. १) ते सगळं आपली कुंडली का सांगत होते? २) मी इथली नागरिक नाही, मला बोलता येईल का? ३) आणि मुख्य म्हणजे याने काही होतं का, की नुसता उपचार? बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले "बोटवालेच टेबलावर? मग मारामारी होत नाय?"

---

पक्या_ऱ्होडआयलंड

ताई मी काही वर्षं तिकडच्या बोटींवर ऑब्झर्व्हर होतो, म्हणजे जाळं वर आलं की काय आलं, किती आलं, किती फेकलं ते मोजून लिहायचं, लोक आपल्याकडे सासरच्या माणसासारखं बघतात. त्यामुळे या मीटिंगा भरपूर बघितल्यात.

कुंडलीचं आधी. तो शिष्टाचार नाही, कायदाच आहे. १९७६ चा मॅग्नसन कायदा, त्यातूनच ही ८ प्रादेशिक कौन्सिलं निघाली. त्यात लिहिलंय की जो बोलेल त्याने आपली पार्श्वभूमी आणि त्या विषयातला आपला हितसंबंध थोडक्यात सांगायचा. आणि शब्द आहे 'इंटरेस्टेड पर्सन', नागरिक वगैरे काही नाही, त्यामुळे तू बिनधास्त बोल.

बाबांच्या प्रश्नाला उत्तर, हो होते मारामारी, फक्त तोंडी. न्यू इंग्लंडच्या कौन्सिलात १८ मतं आहेत. त्यातले ५ राज्यांचे मत्स्य अधिकारी, १ केंद्राच्या मत्स्य खात्याचा प्रादेशिक प्रमुख आणि १२ जण नेमलेले, ज्यांची नावं गव्हर्नर पाठवतात आणि वाणिज्य मंत्री नेमतात, तीन वर्षांसाठी. नेमलेल्यांनी आपल्या बोटी, शेअर, नोकरी सगळं आधीच लिहून द्यायचं असतं आणि एखाद्या निर्णयात स्वतःचा वाटा १० टक्क्यांहून जास्त निघाला तर मत द्यायचं नाही. तरी तक्रार असतेच की ट्रॉलरवाल्यांची माणसं जास्त, छोट्या बोटींची कमी वगैरे. त्या तक्रारीत तथ्य नाही असं मी म्हणणार नाही.

आता फरक पडतो का. खरं सांगू, तू बघितलीस ती जवळजवळ शेवटची पायरी. त्याच्या आधी कमिटी असते, त्याच्याही आधी ॲडव्हायझरी पॅनल, ज्यात पुन्हा धंद्यातलेच लोक, आणि बाजूला आकडेमोड करणारी टीम. पर्याय तिथे शिजतात. मोठ्या मीटिंगपर्यंत भात शिजून झालेला असतो, मीठ कमी-जास्त एवढंच. त्यातही एकूण किती पकडायचं याची कमाल मर्यादा शास्त्रज्ञांची समिती देते, २००६ च्या दुरुस्तीपासून कौन्सिलला त्याच्या वर जाताच येत नाही. त्यामुळे माइकवर 'कोटा वाढवा' म्हणून गळा काढणाऱ्याला लोक सहानुभूतीने ऐकतात आणि पुढच्याला बोलावतात. पण कोणाला किती, कुठली जागा कधी बंद, जाळ्याचं भोक केवढं यावर एखादा माणूस नेमकं बोलला की ठराव बदललेला मी बघितलाय, दोनदा तरी.

आणि मीटिंगमध्ये हरलं की कोर्ट आहेच. हेरिंगच्या बोटींवर आमच्यासारखा माणूस ठेवायचा आणि त्याचा रोजचा ७०० डॉलरच्या आसपास खर्च बोटमालकाने द्यायचा असा नियम २०२० मध्ये आला. बोटवाल्यांनी आधी भरपूर विरोध केला होता, उपयोग झाला नाही, मग ते कोर्टात गेले आणि जून २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या निमित्ताने ४० वर्षं जुना शेव्हरॉनचा दाखलाच (कायदा संदिग्ध असेल तर सरकारी खात्याने लावलेला अर्थ कोर्टाने मानायचा, हा) मोडीत काढला. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीची चुलत बहीण, तिच्यावरून अख्ख्या अमेरिकन सरकारचा कारभार हलला!

---

शिवडीचा_समीर

सगळं छान पण तिकडचा कॉड मासा संपला ना शेवटी? एवढ्या मीटिंगा, एवढे शास्त्रज्ञ, हिरवा-लाल दिवा, आणि २०१३ मध्ये मेन राज्यालगतच्या आखातातला कॉडचा कोटा ७७ टक्के कापायला लागला. आपल्याकडे मीटिंग न घेता मासे संपवतात, ते घेऊन संपवतात.

---

पक्या_ऱ्होडआयलंड

@समीर भाऊ लागलं 😅 पण खरंय. बरीच वर्षं कौन्सिलने लोकांच्या दबावाखाली वेळकाढूपणा केला, ते टेबलावर बसलेलेही खासगीत कबूल करतात. शिवाय ते आखात झपाट्याने तापलंय, कॉड थंड पाण्याचा मासा.

पण ताईच्या घरमालकांना स्कॅलपचं विचार. १९९४ मध्ये जॉर्जेस बँकचे (समुद्रातल्या उथळ, मासळीच्या भागाचे) मोठे पट्टे मासेमारीला बंद केले, कॉडसाठी म्हणून, आणि तिथे कॉड आला नाही पण स्कॅलप मात्र रग्गड वाढला. तो आहे की नाही यावर वाद. सरकारी सर्वेक्षण एक सांगतंय, तांडेल लोक म्हणतायत खाली गालिचा पडलाय. मग १९९९ मध्ये ताई तुझ्याच युनिव्हर्सिटीच्या लोकांनी लोखंडी चौकटीला कॅमेरे बांधून ते तळावर सोडले, मच्छीमारांच्याच बोटींवरून, आणि एकेक स्कॅलप मोजला. त्यानंतर माइकवर 'आम्हाला माहितीये' असं म्हणायची गरज उरली नाही, फोटो होते. पट्टे टप्प्याटप्प्याने उघडले आणि न्यू बेडफर्ड किमतीच्या हिशेबात वर्षानुवर्षं देशातलं पहिल्या नंबरचं बंदर राहिलं, ते या शिंपल्यावर.

---

रापणकर_मालवण

सगळा वाचलंय. आता आमच्याकडचा ऐका.

मीटिंगा आमच्याकडे पण होतात हो, होत नाहीत असं नाही. फरक कुठे आहे सांगतो. कलेक्टर हापिसात किंवा मत्स्य खात्याच्या हापिसात बोलावतात, एका बाजूक आम्ही रापणवाले (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे) नि गिलनेटवाले, दुसऱ्या बाजूक पर्ससीनवाले (मोठ्या जाळ्याने मासळीच्या थव्याला वेढा घालणारे), मधे साहेब. आदल्या दिवशी रात्री फोन येतो की उद्या ११ वाजता. मग ज्याची होडी पाण्यात त्याने यायचं कसं? तीन मिनिटं वगैरे काही नाही, ज्याचा आवाज मोठा त्याचा वेळ. दोन तासांनी साहेब म्हणतात तुमच्या भावना वरपर्यंत कळवतो. इतिवृत्त कधी मिळतं कधी नाही, मिळालं तर त्यात 'सर्व संबंधितांशी सविस्तर चर्चा करण्यात आली' एवढी एक ओळ, मी काय बोललो ते माझं मलाच आठवायला लागतं. तिकडे शब्द पडद्यावर टाइप होतो हे वाचून मी चहा खाली ठेवला.

तरी नुसतं रडत नाही. सोमवंशी समिती नेमली होती, तिच्यापुढे आमचे लोक जाऊन बोलले, आणि ५ फेब्रुवारी २०१६ चा पर्ससीनवरचा आदेश त्यातूनच आला, सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा आणि परवाने कमी करत न्यायचे. २०१७ ला केंद्राने एलईडी लाईट लावून मासेमारी बंद केली. कागदावर सगळा आसा! पण १२ मैलांच्या आत राज्य, बाहेर केंद्र, आणि रात्री समुद्रात उजेड दिसतो तो नक्की कितव्या मैलावर आहे हे सकाळपर्यंत कोण ठरवणार. २०२१ ला कायदा दुरुस्त करून दंड वाढवला. गस्तीची बोट धावली तरच तो दंड.

पक्याभाऊ तो फोटोचा मुद्दा मात्र डोक्यात बसला. आमच्या रापण संघाची वही आहे. रोज काय गावलं, बांगडो किती, पेडवे किती, किती वाटे पडले, कोणाक किती, सगळं. वाटणीच्या भांडणासाठी ठेवतो म्हणून ती खरी असते, कारण खोटं लिहिलं तर तिथेच पकडतात. इतकी वर्षं मीटिंगला 'मासळी घटली' म्हणून ओरडतोय, ती वही न्यायची अक्कल कोणाला आली नाही.

---

डोलकर_७१

आमच्याकडे उत्तरेला डोलीचं (खुंटांना बांधायच्या पिशवीसारख्या जाळ्याचं) तर हे आधी गावकीतच ठरायचं, कव म्हणजे खुंटांची जागा कोणाची, कुठल्या गावाने कुठे खुंट मारायचे. मीटिंग देवळापुढे, लेखी काही नाही, पण मोडायची कोणाची टाप नव्हती. आता दुसऱ्या गावच्या कवी येतात आणि प्रकरण पोलिसात जातं. रापणकर, वहीचे फोटो काढून ठेव आधी, पावसात भिजली की गेली.

आणि मसुदा राजपत्रात आला की 'हरकती व सूचना' मागवतात, मुदत असते, तिथे लेखी टाकत जा आणि पोच घ्या. बोललेलं वाऱ्यावर जातं, शिक्क्याची पोच घरात राहते. २०२३ ला ५४ जातींसाठी किमान आकारमान ठरवलं, पापलेटला राज्यमासा केला त्याच सुमारास. आमच्या कोळीवाड्यात किती जणांना ते आधी माहीत होतं? मला तरी बाजारात कळलं, टोपलीत बारकं पापलेट बघून एक गिऱ्हाईक म्हणालं हे आता चालत नाही ना. गिऱ्हाईक सांगतंय कोळ्याला!

---

हर्णैची_पोर

सगळ्यांचे आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं. पक्यादादा, तो कॅमेऱ्याचा विषय आमच्या डिपार्टमेंटच्या भिंतीवर लावलाय, मी रोज त्याच्यासमोरून जाते आणि कधी वाचलं नव्हतं 🙈 घरमालकांना विचारलं तर म्हणाले त्या बोटींवर मी पण गेलोय, कॅमेरावाल्या पोरांना पहिले दोन दिवस उलट्या होत होत्या.

बाबांना वहीचं सांगितलं. ते म्हणाले डिझेल, बर्फ आणि खलाश्यांचा हिशेब आहे, मासळी कुठल्या पाण्यात लागली ते कोण लिहील, उद्या दुसरा तिथे जाऊन टाकेल जाळं. हा पण मुद्दा आहेच.

एक विचारायचं राहिलं, ती कमिटी आणि पॅनलची मीटिंग घरून ऐकता येते का?

---

पक्या_ऱ्होडआयलंड

हो, वेबिनार असतो, लिंक कौन्सिलच्या साइटवर अजेंड्याबरोबर येते, कागदपत्रं पण तिथेच. आणि बाबांचा मुद्दा इथे पण तस्साच आहे, म्हणून एकेका बोटीची जागा गुप्त ठेवतात, सगळ्यांचे आकडे एकत्र करूनच बाहेर देतात. सकाळी ९ ला सुरू झाली तर उन्हाळ्यात भारतात संध्याकाळचे साडेसहा.

---

रापणकर_मालवण

साडेसहाला आम्ही शेडीत जाळी तुणायला बसलेलो असतो. मोबाईल लावून ठेवतो मधे. ताई लिंक टाक हय, इंग्रजी अडलं तर रात्री विचारीन.