मदत हवी आहे: एंटरप्राइझच्या (एनसीसी-१७०१) पाटीवर कोणती सालं लिहावीत?

पेठकरी
नमस्कार मंडळी. 'स्टार ट्रेक'मधल्या मूळ एंटरप्राइझचं १:३५० मापाचं मॉडेल थ्रीडी प्रिंट करून जोडतो आहे. जहाज २८९ मीटरचं धरलं तर मॉडेल साडेब्याऐंशी सेंटिमीटर होतं. स्टँडला पाटी लावायची आहे: सेवेत कधी आलं, कप्तान कोण कोण, रीफिट (जहाजाची पुनर्बांधणी) कधी, शेवट कधी. पुण्यातल्या प्रदर्शनात ठेवायचं असल्यामुळे चुकीचं साल लिहून चालणार नाही.

अडचण अशी, की रीफिटनंतरची पहिली मोहीम कुठे २२७१ दिली आहे, कुठे २२७३. जहाज २२४५ चं म्हणतात, पण तिसऱ्या चित्रपटात ॲडमिरल मॉरो 'ते वीस वर्षांचं झालं' म्हणतो. पाटीवर स्टारडेट (मालिकेतली काल्पनिक तारीख) घालावी का? शिवाय नॅसेलच्या (इंजिनांच्या दोन लांब नळ्यांच्या) पुढच्या टोप्या सुईवाल्या प्रिंट झाल्या आहेत आणि जहाजाच्या समोरची डिश लहान. ही जोडी चालेल का?

ध्रुवमत्स्य
शेवटचा प्रश्न आधी, कारण पाटी त्यावर ठरेल. ही जोडी कुठल्याच काळाची नाही. मूळ मालिकेत या जहाजाची तीन रूपं आहेत.

पहिल्या पायलट (नमुना) भागातलं, म्हणजे नायक कप्तान कर्कच्या आधीच्या कप्तान पाइकच्या काळातलं: मोठी डिश, उंच ब्रिज-घुमट, नॅसेलच्या पुढे भरीव तांबूस टोप्या आणि त्यांवर सुया, खिडक्यांत उजेड नाही. दुसऱ्या पायलटमध्ये खिडक्या उजळल्या आणि नॅसेलच्या मागच्या टोकाला भोकांची जाळी आली. सुया आणि मोठी डिश तशीच राहिली. मालिका सुरू झाल्यावर ब्रिज बुटका झाला, डिश लहान झाली, सुया गेल्या, पुढे दुधी घुमटांत फिरते दिवे आले आणि मागे पांढरे गोळे.

गोंधळ होतो तो पैसे वाचवायला जुनी दृश्यं पुन्हा वापरल्यामुळे. एकाच भागात एका शॉटला सुया दिसतात, पुढच्याला नाहीत. एखाद्या भागाचा एकच स्क्रीनशॉट बघून पार्ट ठरवू नका.

म्हणजे डिश लहानच ठेवायची असेल तर टोप्या दुधी घ्या आणि पाटीवर 'कर्कचा काळ, २२६५ ते २२७०' लिहा. सुया ठेवायच्या असतील तर डिश मोठी प्रिंट करा.

कालगणक
सालांचं सांगतो. तक्ते एकमेकांतून उतरवलेले असतात, म्हणून ते बाजूला ठेवा आणि पडद्यावर बोललेलं साल धरून मागे-पुढे मोजा.

सगळ्यात पक्की खुंटी २२७०. 'व्हॉयेजर'च्या 'क्यू-टू' या २००१ सालच्या भागात कर्कची पाच वर्षांची मोहीम २२७० मध्ये संपली असं स्पष्ट वाक्य आहे. पाच वजा केले की सुरुवात २२६५.

आता रीफिट. पहिल्या चित्रपटात जहाजाचा नवा कप्तान डेकर कर्कला सुनावतो, की अडीच वर्षांत तुम्ही एकदाही अंतराळात गेलेला नाहीत. मुख्य अभियंता स्कॉटी म्हणतो रीफिटला अठरा महिने लागले. २२७० मध्ये अडीच मिळवले की अगदी लवकर धरलं तरी २२७२ चा मध्य, नाहीतर २२७३. तुम्हाला सापडलेलं २२७१ हे ओकुडांच्या 'क्रोनॉलॉजी' या सालवारीच्या पुस्तकातलं. ती पहिल्यांदा १९९३ मध्ये आली, म्हणजे 'क्यू-टू'च्या आधी, आणि तिच्यात मोहीम २२६९ ला संपते. त्यांच्या हिशेबात चूक नव्हती, पाया नंतर सरकला. पाटीवर २२७३ घ्या.

मॉरोचं वाक्य शब्दशः घेता येत नाही, आणि त्यासाठी २२४५ ची गरजही नाही. 'द मेनॅजरी' या भागात पाइकची टालोस ग्रहावरची भेट तेरा वर्षांपूर्वीची सांगितली आहे, म्हणजे साधारण २२५४. तेव्हा जहाज चालू होतं. तिसऱ्या चित्रपटाच्या काळापर्यंत, म्हणजे २२८५ पर्यंत, एकतीस वर्षं तिथेच झाली. कर्कने ताबा घेतला तिथून मोजलं तर मात्र नेमकी वीस भरतात. मला हाच अर्थ पटतो.

२२४५ हे साल 'क्रोनॉलॉजी'तलं. पहिला कप्तान रॉबर्ट एप्रिल, हे १९७४ च्या ॲनिमेटेड भागात आलं आहे. दोन्ही लिहा, हरकत नाही.

रोहिणी_उपनगर
२२८५ चा पुरावा बाटलीवरच्या २२८३ या आकड्याचा ना? दुसऱ्या चित्रपटात डॉक्टर मॅकॉय कर्कला परग्रहवासी रोम्युलनांची 'एल' ही दारू देतो ती. ते रोम्युलन पंचांगातलं साल असलं तर?

कालगणक
शंका रास्त आहे. त्याच चित्रपटात खलनायक खान 'स्पेस सीड' या भागातल्या भेटीला पंधरा वर्षं झाली म्हणतो, आणि तो भाग २२६७ चा धरला तर २२८२ येतं. बाटलीचा आकडा आपला मानला तर २२८३ च्या आधी जाता येत नाही. दोन्ही एकाच सुमारास येतात, म्हणून बाटली मी आपल्याच सालातली मानतो. तरी पाटीवर 'सु. २२८५' लिहिणं प्रामाणिक. तिसऱ्या चित्रपटात जेनेसिस ग्रहाजवळ कर्कने जहाज स्वतः स्फोट करून नष्ट केलं तेही त्याच सुमाराचं.

स्टारडेट अजिबात नको. 'नेक्स्ट जनरेशन' या कप्तान पिकार्डच्या मालिकेत हजार एकक म्हणजे एक वर्ष, पण तो नियम मूळ मालिकेला लागत नाही. सर्वांत आधी दाखवलेल्या 'द मॅन ट्रॅप'ची स्टारडेट १५१३.१ आणि नंतर दाखवलेल्या दुसऱ्या पायलटची १३१२.४. अशी संख्या पाटीवर आली की बघणारा त्यावरून साल काढायला जातो आणि चुकतो.

तपकीर_गल्ली
टोप्या दुधी करणार असाल तर आत दिवे आणि फिरती पाती दोन्ही लागतील. पाच व्होल्टचं यूएसबी अडॅप्टर पुरतं. वॉर्म व्हाइट एलईडीला ३.१ व्होल्ट, १० मिलिअँपिअर धरा: १.९ भागिले ०.०१ म्हणजे १९० ओहम, तेव्हा २२० चा रेझिस्टर घ्या. प्रत्येक एलईडीला स्वतंत्र. सगळ्यांना मिळून एकच लावला तर व्होल्टेजच्या बारीक फरकामुळे एक जास्त करंट ओढतो, आधी तो जातो, मग बाकीचे. हे सामान बुधवार पेठेत तपकीर गल्लीत सुटं मिळतं.

पात्यांना एन-२० गिअर मोटर, ३० आरपीएमच्या आसपासची. तिच्या टर्मिनलवर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका आणि वायर थेट अडॅप्टरपासून वेगळी ओढा, नाहीतर खिडक्या लुकलुकतात. मोटर घट्ट चिकटवू नका, पोकळ नॅसेल ढोलासारखी घुमते. मध्ये फोमटेप घाला.

रंगाआधी आतून काळा हात, त्यावर पांढरा. काळा नसेल तर भिंतीतून उजेड झिरपतो आणि थरांच्या रेषा उठून दिसतात.

ध्रुवमत्स्य
नॅसेलचे खांब पीएलएचे (थ्रीडी प्रिंटच्या नेहमीच्या प्लास्टिकचे) असतील तर आत ३ मिमीची पितळी सळई घाला. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. एप्रिलमध्ये बंद गाडीतून मॉडेल नेलं की नॅसेल मागे झुकलेच समजा, आणि ते परत सरळ होत नाहीत.

रंग करडा, किंचित हिरवट झाक असलेला. शूटिंगच्या मोठ्या मॉडेलवर बशीच्या (जहाजाच्या गोल चपट्या भागाच्या) रेषा पेन्सिलने फिकट आखलेल्या होत्या, त्यामुळे खोबणी कोरू नका. ०.३ ची पेन्सिल वापरा, वर मॅट लॅकर. लॅकर पावसाळी हवेत मारू नका, ओल धरून पांढरट बुरशीसारखं दिसतं. थांबणं शक्यच नसेल तर थिनरमध्ये रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य) घाला.

त्या मॉडेलची डावी बाजू अपुरी होती, वायरी तिथून बाहेर यायच्या. म्हणून चित्रीकरण बहुतेक उजवीकडूनच झालं. प्रदर्शनातही उजवी बाजू लोकांकडे ठेवा.

पेठकरी
खूप आभार. टोप्या बदलतो. पाटीचा मसुदा:

यू.एस.एस. एंटरप्राइझ, एनसीसी-१७०१
सेवेत दाखल २२४५, कप्तान रॉबर्ट एप्रिल
ख्रिस्तोफर पाइक: २२५४ च्या सुमारास, २०३ जण
जेम्स कर्क: २२६५ ते २२७०, ४२८ जण
रीफिट अठरा महिने, पुन्हा मोहिमेवर २२७३
नष्ट: सु. २२८५, जेनेसिस

दुसऱ्या ओळीत जहाजाचा प्रकार म्हणून 'कॉन्स्टिट्यूशन वर्ग' घालू का?

कालगणक
मसुदा चोख आहे. दोन्ही माणूससंख्या संवादांतल्याच आहेत, 'द केज' आणि 'चार्ली एक्स'मधल्या. वर्गाबद्दल: मूळ मालिकेत ब्रिजवरच्या धातूच्या पाटीवर 'स्टारशिप वर्ग, सॅन फ्रान्सिस्को, कॅलिफ.' असं आहे. तुमचं मॉडेल त्याच काळाचं, तेव्हा 'स्टारशिप वर्ग' घ्या. 'कॉन्स्टिट्यूशन'ही चूक नाही, पण तो शब्द घातलात तर सॅन फ्रान्सिस्को त्याच ओळीत लिहू नका. त्या पाटीवर ते दोन्ही एकत्र नाहीत.