प्रतिसाद : नबोनिडस वेडा होता का?

वर एकांनी 'राज्य वाऱ्यावर सोडून वाळवंटात जाऊन बसलेला वेडा राजा' असं नबोनिडसचं वर्णन केलंय. थोडी भर घालतो.

बॅबिलॉनचा (आजच्या इराकमधलं प्राचीन राज्य) हा शेवटचा स्वतंत्र राजा (इ.स.पू. ५५६ ते ५३९). तो अरबस्तानातल्या तैमा या ओअ‍ॅसिसमध्ये तब्बल दहा वर्षं राहिला, हे खरंच. पण राज्य वाऱ्यावर नव्हतं, कारभार मुलगा बेलशझ्झर बघत होता. शिवाय तैमा धूप-लोबानाच्या व्यापारी वाटेवरचं नाक्याचं ठिकाण, म्हणजे नुसता वैराग्याचा मामला नसावा. अडचण वेगळीच झाली. नववर्षाचा अकितू उत्सव राजाशिवाय होत नसे, त्यामुळे तो वर्षानुवर्षं बंद राहिला. त्यात हा बॅबिलॉनचा मुख्य देव मार्दुक याच्यापेक्षा चंद्रदेव सिनचा भक्त. पुजारी चिडणारच!

'वेडा' ही प्रतिमा बरीचशी बॅबिलॉन जिंकणाऱ्या इराणी राजा सायरसच्या बाजूच्या लोकांनी रंगवलेली आहे. जिंकलेल्याने हरलेल्याबद्दल लिहिलेलं जरा जपूनच वाचावं.

मला मात्र तो आवडतो त्याच्या खोदकामाच्या नादामुळे. सिप्पर शहरातल्या सूर्यमंदिराचा पाया खणताना त्याला नराम-सिन या कितीतरी जुन्या राजाचा पायात पुरलेला लेख सापडला. तो ३,२०० वर्षांपूर्वीचा, असं त्याने अभिमानाने कोरून ठेवलं. प्रत्यक्षात अंतर साधारण १,७०० वर्षांचं. हिशोब सपशेल चुकला, पण जुना लेख सापडल्यावर त्याचं वय काढायला बसणारा राजा त्या काळात विरळाच.