नकाशात गोवा समुद्रात

साडेचार वर्षांच्या मुलाकडून राज्यं आणि राजधान्या पाठ करून घ्याव्यात का, असं एका ताईंनी विचारलंय. माझं मत, नको ताई, इतक्यात नको. पोपटपंची होते नुसती.

आमच्याकडे भिंतीवर भारताचा नकाशा लावला. आपलं गोवा राज्य एवढंसं, ३,७०२ चौरस किलोमीटर, नाव आत मावत नाही म्हणून अरबी समुद्रात छापलेलं. लेकीने बराच वेळ बघून विचारलं, "बाबा, आपण पाण्यात राहतो?" समुद्रापासून आत, फोंड्यात बसून काय उत्तर देणार! मग नदी धरली. पणजीच्या पुलावरून दाखवलेली मांडवी नकाशात बोटाने उलटी चढत गेलो, तर ती म्हादई होऊन थेट कर्नाटकात पोचली. राज्याची हद्द म्हणजे काय, ते तिला तिथे कळलं.

चिन्हांचंही तसंच. राजमुद्रेसाठी रुपयाचं नाणं पुरतं. तीन सिंह मोजून झाले की चौथा मागे लपलाय म्हणून सांगायचं. आमची अजून नाणं उलटून त्याला शोधते. (मागे आकडा निघाला की चिडते.) अशोकचक्राचे २४ आरे मात्र तिच्या चित्रात कधी सतरा, कधी तीस. मी दुरुस्त करत नाही.

गोव्याचा राज्यप्राणी गवा. तो बोंडल्याच्या प्राणिसंग्रहालयात प्रत्यक्ष दाखवा. आमचीने त्याचे पांढरे पाय बघून "मोजे घातलेत" म्हटलं, तेव्हापासून विसरलेली नाही.