नववीतली मुलगी चवथीच्या (गणपतीच्या) सुट्टीनंतर एकदम गप्प झालीय, क्लास टीचर म्हणून मी कुठवर जाऊ?

नववी_ब_टीचर:
नमस्कार. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कूलात नववीची क्लास टीचर आहे. मुलगी ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदललेत.

वर्गात ४१ मुलं. ही मुलगी म्हणजे हजेरी घेताना मध्येच बोलणारी, फुगडीत सगळ्यांना ओढून नेणारी. चवथीची सुट्टी संपून आली ती वेगळीच. शेवटच्या बाकावर खिडकीशी बसते, पीटीच्या तासाला पोट दुखतं म्हणते, डबा तसाच परत नेते असं तिच्या मैत्रिणीने मला हळूच सांगितलं. मार्क फारसे पडलेले नाहीत त्यामुळे स्टाफरूममध्ये म्हणतात वयच तसं असतं, नाहीतर आईबापाला बोलवून घ्या आणि मोकळे व्हा. शुक्रवारी वह्या तपासताना मागच्या पानावर पेन्सिलने लिहिलेलं दिसलं, "मी नसले तरी काय फरक पडणार". मी पान उलटलं आणि वही परत दिली. आज रविवार, तेव्हापासून झोप नाही मला.

आमच्याकडे समुपदेशक टीचर फक्त बुधवारी येतात, त्यांच्याकडे बाकी शाळाही आहेत. मी स्वतः विचारू का? विचारल्याने अजून बिघडलं तर? आणि घरी सांगू नका म्हणाली तर काय करायचं?

शाळा_समुपदेशक:
टीचर, बुधवारपर्यंत थांबू नका, उद्या सकाळीच बोला. मी गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या योजनेतून शाळांमध्ये काम करते, एका समुपदेशकाकडे कितीतरी शाळा असतात त्यामुळे "बुधवारी बघू" हे वाक्य मी खूप ऐकलंय. बुधवार माझा असतो, मुलाचा नसतो. तुमच्या समुपदेशकांनाही उद्याच फोन करा, बघा त्या लवकर येऊ शकतात का.

वर्गातून नाव घेऊन बोलवू नका. वह्या उचलायला मदत कर म्हणा आणि चालता चालता, शेजारी शेजारी, तोंडासमोर बसवून नाही. जे पाहिलं तेच सांगा. "तुझ्या वहीच्या मागचं मी वाचलं, डबा खात नाहीस हेही दिसतंय, मला तुझी काळजी वाटते." मैत्रिणीचं नाव येऊ देऊ नका. मग सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का. असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो ही भीती सगळ्यांना असते पण तसं होत नाही, उलट कोणीतरी तो शब्द उच्चारला म्हणून मूल सुटल्यासारखं बोलतं. हो म्हणाली तर एक मिनिट एकटी सोडू नका, त्याच दिवशी हेडमास्तर आणि घरचं भरवशाचं माणूस. टेलिमानस, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६ चोवीस तास चालतो, तुम्ही स्वतःही लावू शकता.

"कुणाला सांगणार नाही" असं वचन मात्र देऊ नका. "तू सुरक्षित राहावीस म्हणून लागेल तेवढंच आणि तेवढ्याच माणसांना सांगेन, आणि आधी तुला सांगून" एवढं म्हणा. घरातच कोणी त्रास देत असेल तर पहिला फोन घरी जाता कामा नये, तेव्हा मुलांची हेल्पलाइन १०९८. लैंगिक छळाचं काही निघालं तर पोक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याच्या १९व्या कलमाप्रमाणे कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, शाळेचं नाव वगैरे विचार तिथे येतच नाही.

पेडण्याची_आई:
आईबापाला बोलवून घ्या म्हणणाऱ्यांना माझं एक सांगायचंय. माझ्या मुलाच्या वेळी मला भर स्टाफरूममध्ये चार टीचरांसमोर सांगितलं की हा लक्षच देत नाही, मी रडतच घरी आले आणि त्याच्या बाबांनी त्याला मारला. नंतर वर्षभराने कळलं की चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकून पाचवीत एकदम सगळं इंग्लिश झालं तेव्हापासून त्याला वर्गात अर्धं कळतच नव्हतं आणि विचारायची लाज वाटायची, आठवीपर्यंत तो असाच गप्प बसून राहिला हो. तेव्हा कुणी मला घरी जेवतो का झोपतो का एवढं जरी विचारलं असतं ना. बोलवाल तेव्हा आईला एकटीला बोलवा, बसायला खुर्ची द्या, आणि मार्कांवरून सुरुवात करू नका.

सत्तरीचे_सर:
वरचं पटतंय पण एक बोलतो. आम्हाला याचं ट्रेनिंग नाही, आणि मी एकदा काळजीपोटीच एका मुलाला प्रश्नांवर प्रश्न विचारले, घरी काय, कोण, कधीपासून, तो जो मिटला तो वर्ष संपेपर्यंत माझ्याशी बोललाच नाही. अजून सलतं ते. दोन प्रश्न पुरेत, बाकी ऐका. जे सांगेल ते तिच्याच शब्दांत तारीख घालून लिहून ठेवा आणि हेडमास्तरांना लेखी द्या, तोंडी सांगितलेलं हवेत जातं.

अजून एक, समुपदेशक बसतात कुठे बघा. आमच्याकडे लायब्ररीच्या कोपऱ्यात टेबल होतं, कोण कोण जातंय ते अख्ख्या शाळेला दिसायचं, मग कोण जाणार तिथे?

माजी_विद्यार्थिनी_फोंडा:
टीचर, मी ती मुलगी होते, दहावीत. आमच्या पीटी सरांनी विचारलं तेव्हा पहिल्या दिवशी "काही नाही" म्हटलं. ते ठीक आहे म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून मला चुन्याच्या रेषा मारायला सोबत घ्यायला लागले. पाचव्या दिवशी मी बोलले. "काही नाही" ऐकून सोडून देऊ नका एवढंच.

शाळा_समुपदेशक:
हे खरंय, पण मागच्या पानावर असं लिहिलेलं असताना ती नाही म्हणाली तरी हेडमास्तर आणि समुपदेशकांना उद्याच कळू द्या. आणि पुढे बांबोळीच्या आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मनोरुग्णालयात, दाखवायची वेळ आली तर नुसतं नाव ऐकून घरचे घाबरतात, माझं पोर वेडं नाही म्हणतात. शक्य असेल तर पहिल्यांदा कोणीतरी सोबत जा.

नववी_ब_टीचर:
सोमवार संध्याकाळ. सकाळी वह्यांच्या निमित्ताने बोलले. सरळ विचारलं, माझाच आवाज कापत होता. ती खूप वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली "कधी कधी वाटतं". कारण इथे लिहीत नाही, घरातला त्रास नाही. आईला सांगायचं तर मीच सांगेन पण तुम्ही बाजूला बसा म्हणाली, तसंच केलं. आई दुपारीच आली, दोघी बराच वेळ रडल्या. १४४१६ ला माझ्या फोनवरून आईच बोलली, रात्री ती हिच्यासोबतच झोपणार आहे. समुपदेशक टीचर बुधवारऐवजी उद्याच येतायत. हेडमास्तरांना लेखी दिलं आणि खोली मागितली, सायन्स लॅबच्या मागची छोटी खोली देतो म्हणाले. तिथे जुने नकाशे आणि मोडके बाक भरलेत, सकाळी शिपाईमामांना घेऊन लवकर जातेय.